‘घर खाली करा’ अशी नोटीस आल्यावरचा पहिला महिना

आईनं पहिली नोटीस गणपतीच्या फोटोमागे खोचून ठेवली होती. दुसरी आली तेव्हा पोस्टमनला दारातूनच सांगितलं, “घरात कुणी बाप्यामाणूस नाही.” वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. फौंड्री बंद पडली, काम तुटक झालं आणि आम्ही राहत होतो त्या सार्वजनिक संस्थेच्या चाळीतल्या खोलीचं भाडं थकत गेलं. किती थकलं हे घरात कुणी विचारायचं नाही, कारण विचारलं की भांडण व्हायचं. शेवटी चाळीतल्या एका काकांनी वडिलांना हाताला धरून ऑफिसात नेलं. वही उघडली तेव्हा कळलं की नोटिशीत चौदा महिने दाखवले होते आणि त्यातल्या पाच महिन्यांचं भाडं आम्ही भरलेलं होतं. ते शेजारच्या खोलीच्या खात्यावर चढलं होतं. पावत्या पिठाच्या डब्यात सापडल्या. उरलेले पैसे वडिलांनी भिशी उचलून भरले. घर राहिलं.

आता मी स्वतः लोकांना असे अर्ज लिहून देते. त्या अनुभवावरून सांगते, माणसं घर गमावतात त्यामागे पैशांची अडचण असतेच, पण तेवढ्यानं घर जात नाही. मुदत उलटून जाते, किंवा माणूस भलत्याच दारात चकरा मारत बसतो, तेव्हा घर जातं. नोटीस म्हणजे घराबाहेर काढणं नव्हे. नोटीस म्हणजे मोजायला सुरुवात झालेले दिवस. ज्यांच्या घरी अशी नोटीस पहिल्यांदाच आली आहे आणि शेजारपाजारच्या लोकांना मदत करायला जी मुलं-मुली नव्यानं पुढे येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी घर कुणाच्या मालकीचं ते बघा

सगळ्यात मोठी चूक इथं होते. कुणीतरी सांगतं, “तीस वर्षं राहताय, भाडेकरूला कोण हलवतंय?” आणि माणूस निवांत बसतो. हा सल्ला शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यात भाड्यानं राहणाऱ्याला थोडाफार लागू पडेल. महापालिकेच्या किंवा म्हाडाच्या खोलीत राहणाऱ्याला तो बुडवतो.

भाडेकरूंना संरक्षण देणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्येच लिहिलंय की सरकारच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे घराचा मालक बदलला की कायदा बदलतो, मुदत बदलते आणि दाद मागायची जागाही बदलते. कोल्हापुरात साधारण हे प्रकार दिसतात.

घर महापालिकेचं असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम ८१-ब लागतं आणि अधिकार आयुक्तांचे असतात. रोजचं काम इस्टेट विभागातून चालतं.

घर म्हाडाचं असेल तर १९७६ च्या म्हाडा कायद्याचं कलम ६६ लागतं. कोल्हापूर जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळात येतो. त्यामुळे नोटीस पुण्याहून सक्षम प्राधिकाऱ्याच्या सहीनं येते आणि सुनावणीची तारीखही बहुधा तिकडचीच असते. खोली भाड्याची असो की हप्त्यांवर घेतलेली, संस्थेचं देणं थकलं की हेच कलम पुढे येतं.

घर वाड्याच्या मालकाचं, म्हणजे खासगी असेल, तर भाडे नियंत्रण कायदा आणि दिवाणी न्यायालय.

नोकरीसोबत मिळालेलं घर असेल, तर ते नोकरीबरोबरच संपतं. निवृत्तीनंतर भाडं भरत राहिलं म्हणून राहण्याचा हक्क तयार होत नाही. तिथं थकबाकीचा वाद घालण्यापेक्षा मुदतवाढ आणि अडकलेली देणी यांवर बोला. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून राहणाऱ्यांचंही वेगळं आहे, त्याबद्दल मी इथं लिहीत नाही.

मालक कोण हे कळत नसेल तर भाड्याच्या पावतीवरचं नाव बघा. पावती नसेल तर घरफाळ्याचं बिल बघा. बिलावर मालक आणि भोगवटादार अशी दोन नावं असतात आणि भांड्याला भांडं लागतं ते बहुतेक वेळा या दोन नावांमुळेच. “घरफाळा मी भरतो म्हणजे घर माझं” असं मानणारी कितीतरी माणसं मला भेटली. घरफाळा भरल्यानं मालकी येत नाही. तुम्ही तिथं राहता याचा पुरावा म्हणून मात्र ती पावती लाखमोलाची, जपून ठेवा.

पाकीट घ्या

पाकीट नाकारलं म्हणजे नोटीस मिळाली नाही, असं कायदा मानत नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलं तर ते मिळालंच असं धरलं जातं. दारावर चिकटवलेली नोटीसही चालते. म्हणजे नाकारणाऱ्याचे दिवस मोजले जातातच, फक्त आत काय लिहिलंय ते त्याला कळत नाही. आमच्या आईचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून पाकीट घ्या, सही करा आणि सहीखाली तारीख टाका. सही म्हणजे कबुली नव्हे, ती फक्त पोहोच असते. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे उपयोगी पडतो. दारावर चिकटवलेली असेल तर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मग कॅलेंडर काढा आणि मिळाल्याच्या तारखेवर गोल करा. ज्या घरात भिंतीवर असं कॅलेंडर दिसतं, तिथं माझं निम्मं काम झालेलं असतं.

त्याच दिवशी नोटिशीच्या दोन झेरॉक्स काढा. मूळ प्रत घराबाहेर जाऊ देऊ नका. ‘साहेबांना दाखवून आणतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसालाही झेरॉक्सच द्या.

नोटीस कसली आहे?

कागदावर मोठ्या अक्षरात ‘नोटीस’ असतं, पण आतला मजकूर तीन वेगवेगळ्या गोष्टींचा असू शकतो. पहिली असते मागणी : एवढी रक्कम थकली, भरा. दुसरी कारणे दाखवा नोटीस : तुम्हाला का काढू नये ते सांगा. तिसरा असतो आदेश : एका महिन्यात जागा रिकामी करा. पहिल्या दोन्हींना उत्तर द्यायचं असतं. तिसऱ्यावर पैसे भरायचे असतात किंवा अपील करायचं असतं, नुसतं उत्तर लिहून तिथं भागत नाही.

नंतर कारण वाचा. महापालिका आणि म्हाडा या दोन्ही कायद्यांत कारणं जवळपास सारखीच आहेत : दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ भाडं किंवा देणं थकणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, जागेची नासधूस, अटींचा भंग, अनधिकृत ताबा. थकबाकी हे एकच कारण असेल तर तुमची बाजू बरीच सावरता येते, ते पुढे सांगते. पण त्याच नोटिशीत ‘पोटभाडेकरू’ किंवा ‘अनधिकृत भोगवटा’ असा शब्द घुसलेला असेल, तर नुसते पैसे भरून प्रकरण मिटणार नाही. भाचा शिक्षणासाठी येऊन राहिला, त्यालाच कुणीतरी पोटभाडेकरू म्हणून लिहून दिलं, असंही होतं. अशा वेळी भाच्याचं आधारकार्ड, कॉलेजचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा हे सगळं उत्तरासोबत जोडावं लागतं.

हिशोब मागा, तो स्वतः तपासा

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. नोटिशीतली एकरकमी रक्कम तशीच मान्य करू नका. तशीच नाकारूही नका.

कार्यालयात साध्या अर्जानं आपल्या खात्याचा उतारा मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि ‘खोली क्रमांक अमुकचा इतक्या सालापासूनचा भाडेवसुलीचा उतारा व मागणी नोंदवही’ असं नेमकं लिहायचं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि म्हणूनच माहिती अधिकाराच्या भरवशावर नोटिशीचं उत्तर अडवून ठेवू नका. दोन्ही कागद एकाच दिवशी गेले पाहिजेत.

उतारा हातात आला की वहीत चार रकाने पाडा : भाडं, घरफाळा, पाणीपट्टी, दंड-व्याज. एकाच ‘थकबाकी’ शब्दाखाली हे चारही ढकललेले असतात. मग आपल्या पावत्या महिन्यानुसार मांडा आणि एकेक महिना खोडत जा. मी पाहिलेल्या चुका साधारण अशा : भरणा शेजारच्या खोलीच्या क्रमांकावर चढलेला. आधी राहणाऱ्याची थकबाकी नव्या माणसाच्या डोक्यावर. भाडेवाढ मागच्या तारखेपासून लावलेली, पण तिची सूचना कधीच न आलेली. ऑनलाइन भरलेले पैसे खात्यातून वजा, पावती मात्र निघालेली नाही. या शेवटच्या प्रकारात बँकेचं पासबुक भरून घ्या आणि व्यवहाराचा क्रमांक गोल करून झेरॉक्स जोडा.

आणि महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या पावत्यांचा लगदा झाला. असे लोक मला सांगतात, “ताई, पुरावाच नाही, काय बोलणार?” पुरावा असतो, तो दुसरीकडं असतो. भाडं भरल्याची नोंद कार्यालयाच्या वहीत असते. चेक दिला असेल तर बँकेत असते. पूरग्रस्त म्हणून झालेला पंचनामा आणि मिळालेलं अनुदान यांचे कागद दाखवतात की त्या तारखेला तुम्ही त्याच घरात राहत होता आणि कागदपत्रं भिजली हे खरं आहे. उत्तरात तसं स्पष्ट लिहा आणि कार्यालयाच्याच वहीची प्रत मागा. यापुढच्या पावत्यांचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलवर ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर.

उत्तर लेखीच द्या

काउंटरवर तावातावानं बोललेलं कुणी लिहून घेत नाही. कुणा दादांचा फोन लावला तरी फाइलीत फोनचा कागद लागत नाही. फाइलीत तुमचं उत्तर नसेल तर ‘संधी देऊनही खुलासा केला नाही’ असं वाक्य आदेशात येतं, आणि ते वाक्य पुढे अपिलात फार नडतं.

मजकूर साधा ठेवा. मी साधारण असा लिहून देते :

“आपली दिनांक … ची नोटीस, जावक क्रमांक …, मला दिनांक … रोजी मिळाली. नोटिशीतील थकबाकीपैकी … ते … या महिन्यांचे भाडे मी भरलेले असून पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. माझ्या हिशोबाप्रमाणे शिल्लक रक्कम रु. … इतकी आहे. त्यापैकी रु. … आज हक्क राखून भरत आहे. उर्वरित रक्कम भरण्यास दिनांक … पर्यंत मुदत मिळावी. खात्याचा संपूर्ण उतारा मिळावा. कोणताही आदेश करण्यापूर्वी माझे म्हणणे समक्ष ऐकून घ्यावे, ही विनंती.”

यातल्या ‘हक्क राखून’ या दोन शब्दांना वजन आहे. पैसे भरले म्हणजे नोटिशीतली सगळी रक्कम मान्य केली, असा अर्थ त्यामुळे निघत नाही. आजार, काम सुटणं, घरातला मृत्यू हेही लिहा, पण एका-दोन ओळींत, आणि दवाखान्याचा कागद जोडून. चार पानांची कर्मकहाणी लिहिली की मुदतीची मागणी तिच्यात बुडून जाते.

हे पत्र दोन प्रतींत करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तीच तुमची पोहोच. घ्यायला नकार दिला तर वाद न घालता थेट पोस्टात जा, पोहोचपावतीसह पाठवा आणि पोस्टाची पावती उत्तराच्या प्रतीला टाचून ठेवा.

सुनावणीची तारीख लागली तर स्वतः जा. घरातल्या बाईच्या नावावर खोली असेल तर तिनंच जावं, सोबत वाचता येणारं माणूस न्यावं. वकील नेता येतो. आत बोलणं पाच मिनिटांचं असतं : किती मान्य, किती अमान्य आणि का, उरलेले कधी भरणार. रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या नोंदीवर, सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या. ‘थकबाकी मान्य’ एवढंच लिहिलं असेल तर ‘पावत्या सादर केल्या’ हेही लिहायला सांगा.

महिन्याच्या आत पैसे भरले तर

हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोलाची तरतूद हीच आहे. महापालिकेच्या कलम ८१-ब मध्ये आणि म्हाडाच्या कलम ६६ मध्ये अशी सोय आहे की थकबाकीच्या कारणावर जागा रिकामी करायचा आदेश निघाला तरी, त्या आदेशाची नोटीस बजावल्यापासून एका महिन्यात किंवा अधिकाऱ्यानं वाढवून दिलेल्या मुदतीत सगळी थकबाकी भरली, तर अधिकाऱ्यानं काढून टाकण्याऐवजी तो आदेश रद्द करायचा असतो आणि माणूस पूर्वीच्याच अटींवर त्या घरात राहतो.

‘वाढवून दिलेल्या मुदतीत’ हे शब्द पुन्हा वाचा. मुदतवाढ आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते, आणि महिना संपायच्या आत मागावी लागते. १० जूनला नोटीस मिळाली असेल तर १० जुलै ही शेवटची तारीख. मी मुदतवाढीचा अर्ज २५ जूनच्या आसपासच द्यायला लावते, म्हणजे नकार आला तरी पैशांची जमवाजमव करायला पंधरा दिवस उरतात. अर्जासोबत थोडी तरी रक्कम भरलेली असावी. रिकाम्या हातानं मागितलेली मुदत आणि निम्मे पैसे भरून मागितलेली मुदत यांत फरक पडतोच.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तुमच्या घरचा आहे, पण एक कळकळीनं सांगते. शेकडा दहानं देणाऱ्याच्या दारात जाऊ नका. महिन्याला शंभराला दहा म्हणजे वर्षाला शंभराला एकशेवीस. त्या व्याजापायी पुढच्या वर्षी पुन्हा भाडं थकतं, पुन्हा नोटीस येते, आणि तोवर गळ्यातलंही गेलेलं असतं. बचत गट, पतसंस्था, भिशी आणि पाहुण्यांत विश्वासाचं माणूस, या क्रमानं विचारा. आणि पैसे घेऊन ‘मी भरतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. काउंटरवर स्वतः भरा आणि खोलीचा क्रमांक पावतीवर बरोबर पडलाय का ते तिथंच उभं राहून वाचा.

आदेश विरोधात गेला तर

महापालिकेच्या आदेशावर अपील जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या ज्येष्ठ न्यायिक अधिकाऱ्याकडे होतं. म्हाडाच्या आदेशावर अपील अधिकाऱ्याकडे. मुदत महिनाभराचीच असल्यानं आदेश मिळाला त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज हवाच. नुसतं अपील दाखल आहे म्हणून ताबा घेणारं पथक थांबत नाही, स्थगितीचा कागद दाखवला की थांबतं. हे आदेश दिवाणी न्यायालयात साधा दावा टाकून सहसा अडवता येत नाहीत, आणि त्या नादात अपिलाची मुदत निघून गेलेली मी पाहिली आहे.

अपीलही फेटाळलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. रात्रीची गाडी, वकिलाची फी आणि पडलेले खाडे यांच्या हिशोबातच माणूस हाय खायचा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं आहे. चाळीतल्या माणसाला या एका बदलानं केवढा आधार मिळाला, हे मुंबईच्या चकरा मारलेल्यांना विचारा.

मालक खासगी असेल तर

वाड्यातल्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ चं संरक्षण आहे. कायद्यानं ठरलेलं भाडं द्यायची ज्याची तयारी आहे, त्याला थकबाकीच्या कारणावर काढता येत नाही. मालकानं आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस गेल्याशिवाय दावा लावता येत नाही. या ९० दिवसांत पैसे देऊन टाका, विषय तिथंच मिटतो.

दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी वार्षिक १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, निकालापर्यंत दरमहा भाडं नियमित भरत राहिलात आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिलात, तर थकबाकीवरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. उदाहरण घेऊ. महिना ३०० रुपये भाडं, १८ महिने थकले. मुद्दल ५,४०० रुपये. १५ टक्के म्हणजे महिन्याला शेकडा सव्वा रुपया, ३०० वर पावणेचार रुपये. सर्वांत जुन्या महिन्यावर १८ महिन्यांचं व्याज, सर्वांत नव्यावर एका महिन्याचं, अशी बेरीज केली की व्याज ६४१ रुपये २५ पैसे येतं. एकूण ६,०४१ रुपये २५ पैसे. अशा वेळी मी शे-दोनशे जास्तच भरायला सांगते. हिशोबात दहा रुपये कमी पडले म्हणून वर्षभर युक्तिवाद चाललेला परवडत नाही. न्यायालयात पैसे भरायला वकिलामार्फत अर्ज करायचा, परवानगी मिळाली की नाझर कार्यालयात, म्हणजे न्यायालयाच्या पैसे घेणाऱ्या विभागात, भरायचे आणि पावती घ्यायची.

इथं माणसं एका जागी हमखास चुकतात. पहिली मोठी रक्कम दागिने मोडून भरतात आणि नंतर दोन-तीन महिने दरमहाचं भाडं विसरतात. कलमात ‘नियमित’ हा शब्द आहे. पगार झाला की आधी न्यायालयाचं भाडं, मग किराणा.

मालक भाडं घेतच नसेल, म्हणजे मुद्दाम थकवू पाहत असेल, तर मनिऑर्डरनं पाठवा. नाकारून परत आलेली मनिऑर्डर ‘मी द्यायला तयार होतो’ याचा पुरावा ठरते. दर महिन्याची पावती वहीत चिकटवा. भाडं घेऊन पावती न देणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे, त्यामुळे पावती मागायला संकोच वाटायचं कारण नाही. थकबाकी वसुलीच्या दाव्याला मुदत कायद्यानं तीन वर्षं दिली आहेत, त्यामुळे मालकानं पंधरा वर्षांचा आकडा पुढे केला तर तो वकिलाला जरूर दाखवा.

आणि घर बंद ठेवू नका. सहा महिने योग्य कारणाशिवाय वापर नसेल तर तेही ताबा मागायचं स्वतंत्र कारण आहे. मुलाकडे पुण्याला गेलेल्या कितीतरी म्हाताऱ्या जोडप्यांना हे परत आल्यावर कळतं.

खालच्या न्यायालयाचा निकाल विरोधात गेला तर अपील जिल्हा न्यायालयात, ३० दिवसांत.

कुलूप लावलं, पाणी तोडलं

आदेशाशिवाय कुणीही, मालक असो की त्याची माणसं, तुमचं सामान बाहेर काढू शकत नाही. न्यायालयाच्या हुकमानं ताबा घ्यायला बेलिफ येतो, त्याच्याकडे वॉरंट असतं, ते बघायला मागा. बेकायदा बाहेर काढलं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, फोटो काढा आणि दोन शेजाऱ्यांची नावं लिहून ठेवा. ‘हा दिवाणी वाद आहे’ असं सांगून परत पाठवलं तरी अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय हलू नका. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागणारा दावा करता येतो. सरकारविरुद्ध मात्र हे कलम चालत नाही. खासगी मालकानं नळ किंवा वीज तोडली तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली न्यायालयात अर्ज करून ती पुन्हा सुरू करून घेता येते.

वकिलाला पैसे नसतील तर

कसबा बावडा रस्त्यावरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मिळतो. म्हणजे खोली बाईच्या नावावर असेल तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. जाताना नोटीस, पावत्या आणि आधारकार्ड न्या. माहितीसाठी १५१०० हा फोन आहे.

लोकअदालतीत थकबाकीची प्रकरणं दावा लागण्याआधीही ठेवता येतात आणि हप्ते बांधून मिळण्याची शक्यता तिथं असते. एवढंच ध्यानात ठेवा की तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. जे हप्ते खरंच झेपतील तेवढेच कबूल करा. साहेबांसमोर ओशाळून महिना पाच हजार म्हणायचं आणि तिसऱ्या महिन्यात चुकवायचं, यापेक्षा दीड हजारावर अडून बसलेलं बरं.

नाव कुणाचं आहे?

वडील वारले, आई त्याच खोलीत राहते, पावती अजून वडिलांच्याच नावावर निघते. हे आपल्याकडे घरोघरी आहे. नोटीस येते तेव्हा ती मयताच्या नावानं येते आणि आईला ‘अनधिकृत’ म्हटलं जातं. म्हणून मृत्यूचा दाखला हातात आल्यावर महिना-दोन महिन्यांत वारसनोंदीचा अर्ज द्या, सोबत रेशनकार्ड, वारसांची संमतीपत्रं आणि भरलेल्या भाड्याची शेवटची पावती. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागला तरी पोहोच आपल्याकडे असली की ‘आम्हाला कळवलंच नाही’ असं म्हणता येत नाही. नवरा घर सोडून गेला आणि भाडं भरेना, अशा बाईनंही गप्प बसू नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात भाड्याचं घरही सामायिक घर धरलं आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, आणि जमेल तेवढं भाडं स्वतःच्या हातानं, स्वतःचं नाव भरणा करणारी म्हणून लिहून, भरत राहा.

सगळे पैसे भरून झाले, अधिकाऱ्यानं तोंडी ‘झालं तुमचं, जावा’ म्हटलं, तरी लगेच घरी येऊ नका. आदेश रद्द केल्याचं लेखी पत्र मागा, जावक क्रमांकासह. आठ-दहा दिवसांनी खात्याचा नवा उतारा काढा आणि शिल्लक शून्य दिसते का ते बघा. आमच्या वडिलांनी ते केलं नव्हतं, आणि दोन वर्षांनी तेच पाच महिने पुन्हा थकबाकीत आले.